पाण्याकाठी तहानलेल्या

सुट्टी लागली की 'कुठंतरी जाऊ या' असा मुलांचा धोशा सुरू होतो. गेल्या मे महिन्यात आम्ही जीप ठरवली आणि घरचे अकरा जण जालन्याहून लोणारला निघालो. आदल्या रात्री जाऊबाई आणि मी बारापर्यंत धपाटे थापत होतो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि उन्हाचे दिवस म्हणून पाण्याचे दोन मोठे जार.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकला. तिथं जार उघडला. पुरुषमंडळी आणि मुलगे ढसाढसा पाणी प्यायले. सासूबाई म्हणाल्या, "मला नको गं, तहानच नाही." जाऊबाईंनी नुसती चूळ भरली. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं ओठ ओले केले आणि ग्लास परत दिला. मी रागावले, तर हळूच म्हणाली, "आई, मग जायचं कुठं?"

मी गप्प झाले. कारण सकाळपासून मीही घोटभरच पाणी प्यायले होते.

लोणारचं सरोवर उल्कापातानं झालेलं. काळ्या पाषाणातलं जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आणि तळाशी खारट पाणी. २०२०च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. गंमत म्हणजे खाली एवढं खारं पाणी आणि वर गोमुखाची धार मात्र गोडी! त्याच धारेच्या पायऱ्यांवर सासूबाईंना भोवळ आली. तोंडावर पाणी मारलं, साखरपाणी पाजलं, तेव्हा कबूल झाल्या. पहाटेच्या कपभर चहावर बाई दुपारपर्यंत चालत होत्या!

परतताना जेवायला एका हॉटेलात थांबलो. तिथल्या संडासाला कुलूप, आणि किल्ली 'सापडत नाही'. पुढं पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली. तिथला पोऱ्या म्हणाला, "ते स्टाफसाठी आहे." पंपावर पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह ग्राहकांना फुकट द्यावं लागतं, हा तेल कंपन्यांचाच नियम. मी शांतपणे तक्रारवही मागितली. दोन मिनिटांत किल्ली आली! आम्ही पाचही जणी जाऊन आलो. मग सासूबाईंनी स्वतःहून जार मागितला.

मैत्रिणींनो, समाजकार्यात मी बचत गटांच्या बायकांना आरोग्याचे धडे देते. उन्हात पाणी तोडलं तर उष्माघाताचा धोका, लघवी रोखून धरली तर मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग, हे मला तोंडपाठ. तरी घरच्या सहलीत मी डब्यात काय न्यायचं ते ठरवलं, पण वाटेत बायकांनी कुठं थांबायचं ते ठरवलंच नाही. आणि गाडी ठरवणाऱ्या पुरुषांना तर हा प्रश्नच पडला नाही. पडणार कसा? आम्ही कधी बोललोच नाही.

यंदा निघण्याआधी मी ड्रायव्हरला थांबे लिहून देणार आहे. तुम्हीही द्या. किल्ली मागायला लाजू नका, नाही मिळाली तर तक्रारवहीत दोन ओळी लिहा. आणि लेकीच्या हातात ग्लास देताना आधी सांगा, "पी पोटभर, थांबायची सोय केली आहे."