पोरांनो, मीटिंगला बसा आणि बोला

शिफ्ट सुटली की पुण्याजवळच्या महाळुंग्यात कंपनीच्या बसमधून उतरणारी कितीतरी पोरं बाहेरगावची असतात. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, जळगाव. आता पोरीही येतात. आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेला, चौघांत एक रूम, मेसचा डबा, आणि ट्रेनी म्हणून किंवा ठेकेदाराकडे काम. ड्युटी, जेवण, मोबाइल, झोप. मुदत संपली की दुसऱ्या गेटवर तोच बायोडाटा द्यायचा, आणि त्यात एक ओळही वाढलेली नसते. मला बोलायचंय ते या पोरापोरींशी.

कळकळीने सांगतो, कंपनीत चार जणांनी मिळून करायचं जे काही असेल त्यात नाव द्या. त्यातही क्वालिटी सर्कल असेल तर ते आधी. जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ साली ही सर्कल सुरू झाली. मशीनवर दिवसभर उभं राहणाऱ्याला बिघाड सगळ्यांत आधी कळतो, तेव्हा उपाय शोधायलाही त्यालाच बसवावं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात सुरुवात झाली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिचं पुणे चॅप्टरही आहे. तिच्या स्पर्धांत कामगार स्वतः स्टेजवर उभे राहून आपली केस मांडतात.

आत काय चालतं ते सांगतो. समजा, प्रेसमधून निघणाऱ्या ब्रॅकेटला बर (कडेला राहणारी धातूची खरखरीत किनार) येतोय आणि रिजेक्शन वाढलंय. सहा-आठ जण आठवड्यातून तासभर बसतात. फळ्यावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात. माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत अशा तिच्या फांद्या. मग ‘का’ विचारत खाली उतरायचं. बर का येतोय? पंचची धार गेली. धार का गेली? ग्राइंडिंग वेळेवर झालं नाही. का नाही झालं? किती स्ट्रोक झाले याची पूर्ण नोंदच नाही. नोंद का नाही? रजिस्टर दिवसपाळीच्या कपाटात, आणि रात्री कपाटाला कुलूप.

हे शेवटचं उत्तर साहेबांकडे नसतं. ते रात्रपाळीच्या ट्रेनीकडे असतं. आणि तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो, कारण आपली बोली गावाकडची, आपण नवीन, लोक हसतील. हसू द्या. उत्तर तुमच्याकडे आहे.

ज्याने हे बोलून दाखवलं, पुढच्या महिन्याचा रिजेक्शनचा आकडा स्वतः लिहिला आणि मॅनेजरसमोर पाच मिनिटं उभं राहून तो मांडला, त्याचा पुढचा इंटरव्ह्यू वेगळा होतो. “टीममध्ये काम जमतं का?” असं विचारलं की सगळेच “हो सर” म्हणतात. त्याच्याकडे सांगायला ब्रॅकेट असतं, कपाट असतं, आधीचा आणि नंतरचा आकडा असतो. तेवढं मात्र खरं सांगा. दुसऱ्याने केलेलं काम आपल्या नावावर खपवू नका. समोरचा दोन प्रश्नांत ओळखतो.

पहिल्याच दिवशी लीडर व्हायची गरज नाही. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहायचं काम बहुतेक जण टाळतात. ते मागून घ्या. लिहिता लिहिता सगळा विषय कळतो, आणि चार मीटिंगनंतर तुम्हालाच विचारायला लागतात.

बऱ्याच ठिकाणी कंत्राटी पोरांना सर्कलमध्ये घेतच नाहीत. मला हे साफ चुकीचं वाटतं. सुपरवायझर मंडळींनी हे वाचलं, तर त्यांनी एक खुर्ची या पोरांसाठी ठेवावी. तोवर पोरांनो, दुसरे रस्ते आहेत. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. पथनाट्य, पोस्टर, घोषवाक्य, कशात तरी उतरा. गल्लीतल्या गणपती मंडळात पावतीपुस्तक सांभाळा, शेवटी खर्चाचा हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवा. देहू-आळंदी जवळच आहेत. वारीच्या दिवसांत दिंडीच्या पंगतीत वाढायला जा. शेकडो माणसं वेळेवर जेवू घालून उठवायची म्हणजे काय नियोजन लागतं, ते तिथे हाताने शिकता येतं.

मंडळ मात्र पारखून घ्या. जिथे हिशोब दाखवत नाहीत, जिथे रोज रात्री बाटली निघते, तिथून बाजूला व्हा. आणि रात्रपाळी करून आलात तर आधी झोप. पेंगत्या डोळ्यांनी प्रेसवर उभं राहावं, इतकं कुठलंच काम महत्त्वाचं नाही.

उद्या ड्युटीवर गेलात की सुपरवायझरला एवढंच विचारा: “साहेब, पुढची मीटिंग कधी आहे? मला बसायचंय.”