४४ अंशांतला प्लेस्टेशन

प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात एक पातळ पुस्तिका येते. ती कुणी वाचत नाही. वाचली तर मागच्या पानांत बारीक अक्षरांत एक ओळ सापडते : हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावं. पस्तीस! जळगावात पस्तीस म्हणजे होळीच्या आसपासची दुपार, बॉस. मे महिन्यात पारा ४२-४३ वर मुक्कामालाच असतो, आणि आमचा ४४ झाला की भुसावळवाले ‘आमच्याकडे त्याहून जास्त’ म्हणत कॉलर ताठ करतात. सोनीच्या हिशेबाने खान्देशात दोन-अडीच महिने दुपारी कन्सोलला हातच लावायचा नाही.

तरी लोक घेतात. आमच्या ऑफिसात आठ जणांत तिघांकडे आहे, चौथ्याचा ईएमआय मंजूर व्हायचाय. यूट्यूबवर रिव्ह्यू ढीगभर सापडतात, पण ते सगळे एसी लावलेल्या खोलीत आणि घरात दुसरं कुणी टीव्ही मागत नाही अशा सुखी अवस्थेत केलेले असतात. म्हणून म्हटलं, यावेळी जरा आपल्या गावाकडून बघू.

निमित्त धुळ्याचं. देवपुरात राहणारा माझा कॉलेजचा दोस्त पतपेढीत नोकरीला आहे. गेली काही वर्षं जुन्या पीएस फोरवर भागवतोय. मागच्या आठवड्यात फोन. ‘भो, स्लिम घेऊन राहिलो. बिनडिस्कचा. दहा हजार वाचतात. काय म्हणतो?’

मी म्हटलं, थांब. रविवारपर्यंत पैसे भरू नको.

आधी भावाचं बोलू. मूळ पीएस फाइव्ह जगात आला नोव्हेंबर २०२० मध्ये, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. स्लिम मॉडेल भारतात आलं ५ एप्रिल २०२४ ला, तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपयांना आणि डिजिटल, म्हणजे बिनडिस्कवाला, ४४,९९० ला होता. त्यानंतर ऑफर येत-जात राहिल्या, तेव्हा आजचा भाव दुकानात विचारूनच जा. पण महिन्याला तीस हजार हातात पडणाऱ्या माणसासाठी दहा हजार म्हणजे चेष्टा नाही. ‘घे रे, काय फरक पडतो’ असं म्हणणारा सल्लागार बहुतेक पुण्याचा असतो.

आता चांगलं काय? एक, वेग. पीएस फोरवर गेम लोड होईपर्यंत चहा टाकून यायचो. इथे ‘स्पायडरमॅन २’ मध्ये शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारली की पापणी लवायच्या आत पोचतो. ही करामत एसएसडीची. दोन, कंट्रोलर. ड्युअलसेन्स हातात घेऊन आधी फुकटात मिळणारा ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ खेळा. वाळूवरून चाललं की वाळू लागते, बर्फावर घसरलं की बर्फ, आणि धनुष्य ताणताना बोटाखालचा ट्रिगर खरंच जड होतो. माझ्या आईने दोन मिनिटं धरून बघितला आणि म्हणाली, ‘अय्या, हा तर थरथरतो!’ तिच्याकडून याहून मोठी दाद मी आजवर ऐकलेली नाही. तीन, आवाज. पीएस फोर उन्हाळ्यात गिरणीसारखा घरघरायचा. हा गप्प असतो. आत मोठा पंखा आणि प्रोसेसरवर चक्क लिक्विड मेटलचा थर आहे, गरमी बाहेर काढायला.

पण पंखा गरमी काढणार ती खोलीतच ना? आणि बाहेरून ओढून घेणार तीही खोलीतलीच हवा. तीच चाळीस अंशांची असेल तर बिचारा करणार काय! फारच तापला की पडद्यावर इशारा देतो आणि बंद होतो. यावर खान्देशी उपाय म्हणजे आपला कूलर. आपला उन्हाळा कोरडा आहे, हे आपलं नशीब. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरते. एप्रिल-मेमध्ये खिडकीतला कूलर लावून मी संध्याकाळी बिनघोर खेळतो. फक्त कूलरचा झोत सरळ कन्सोलवर येऊ देऊ नका. ओलसर वारा आणि त्यातून येणारी रस्त्याची धूळ आत बसली की तिचं छान प्लास्टर होतं. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर अजिबात ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर निकामी, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

विजेचा मामला वेगळाच. दोन हजारच्या दशकातलं लोडशेडिंग ज्यांनी बघितलंय त्यांना आजचे दिवस स्वर्गच वाटतील, तरी वळवाचा एक फटका आला की लाइट जातेच. गेम खेळताना हा कन्सोल दोनशे वॉटच्या आसपास खातो, वर टीव्हीचे शंभर धरा. घरातला साधा पंखा-लाइटचा इन्व्हर्टर एवढं ओढतो, बॅटरी धड असेल तर दोन-तीन तास निघतात. ग्यानबाची मेख इन्व्हर्टरच्या बटणात आहे. बहुतेक इन्व्हर्टरना एक छोटं बटण असतं : एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या क्षणात कन्सोल बंद पडतो, आणि पुन्हा चालू केल्यावर ‘मला नीट बंद केलं नाही’ म्हणून रुसून स्टोरेज तपासत बसतो. यूपीएसवर ठेवा. सोबत चांगला स्पाइक गार्ड घ्या. पन्नास हजारांच्या वस्तूला दीडशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड लावणारे महाभाग मी पाहिलेत.

वाईट काय, तर कंट्रोलरच्या काड्या. दीड-दोन वर्षं दामटून खेळलं की डावी स्टिक आपोआप सरकायला लागते. हात न लावता स्पायडरमॅन भिंतीकडे चालत सुटतो. आतल्या फिरत्या भागाची झीज, दुसरं काही नाही. पण २०२१ मध्येच नवा कंट्रोलर ५,९९० रुपयांचा होता! वॉरंटी संपल्यावर मी एका अधिकृत केंद्राला फोन केला, तर नवीनच घ्या म्हणाले. मग गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने सोल्डरिंग करून अर्ध्या तासात स्टिक बदलून दिली, वर्षभर झालं, चालतेय. मात्र वॉरंटी चालू असेल तर असलं काही करू नका.

आणि टीव्ही. एकच टीव्ही असलेल्या घरात संध्याकाळी सात ते दहा कन्सोल हे फक्त शोभेचं यंत्र आहे. रिमोट प्ले नावाचं फुकट अ‍ॅप असतं, त्याने कन्सोलमधला गेम फोनवर दिसतो. वायफाय धड असेल तर चालतं. नाहीतर मालिका संपायची वाट बघा.

आता मूळ प्रश्न : डिस्क की बिनडिस्क. इथे मी ठाम आहे.

सोनीचा मोठा नवा गेम म्हणजे ४,९९९ रुपये. ‘स्पायडरमॅन २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच भावाने आला. म्हणजे वाचलेले दहा हजार दोन गेममध्ये खलास. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला चिकटतो. विकता येत नाही, उसना देता येत नाही. डिस्क मात्र वस्तू आहे. खेळून झाला की विका, निम्मे पैसे तरी सुटतात. आणि अदलाबदल केली तर पैशाचा विषयच नाही. जळगाव-धुळे शंभरेक किलोमीटर, एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने अडीच तास. गेली कित्येक वर्षं आमच्या डिस्क या रस्त्याने ये-जा करतात. एक गेम तो घेणार, एक मी. वर्षाला चार-पाच नवे गेम दोघांच्या निम्म्या खर्चात.

डिजिटलवाल्यांचंही ऐकून घेऊ. त्यांच्या ऑनलाइन दुकानात सेल लागतात आणि वर्षभर जुना गेम निम्म्या किमतीत मिळतो, हे खरं. डिस्क घातली तरी गेम एसएसडीवर भरावाच लागतो, वर अपडेट येतातच, हेही खरं. एक टीबी म्हणून मिळणाऱ्या जागेतले आठशे-साडेआठशे जीबीच वापरता येतात, आणि एकेक गेम शंभर जीबीचा. शंभर एमबीपीएसची लाइन असेल तर तेवढं उतरवायला सव्वादोन तास, चाळीसची असेल तर साडेपाच. शिवाय स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतर वेगळी घेऊन जोडता येते. पण ‘नंतर’ या शब्दावर माझा विश्वास नाही. पैसे साठले की माणूस ड्राइव्ह घेत नाही, गेम घेतो.

दोस्ताने फोनवर दुसराच मुद्दा काढला. ‘आपण ‘स्प्लिट फिक्शन’ खेळू ना. एकाने घ्यायचा, दोघांनी खेळायचा.’ मार्च २०२५ मध्ये आलेला हा गेम सही आहे. त्यात फ्रेंड्स पास म्हणून सोय आहे, एकाने विकत घेतला की दुसरा आपल्या घरून फुकट सोबत खेळू शकतो. त्याच कंपनीचा २०२१ चा ‘इट टेक्स टू’ही तसाच. पण अशी दानत दाखवणारे गेम किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शिवाय एक गोष्ट तो विसरला, ती मी आठवण करून दिली. पीएस फाइव्हवर पीएस फोरचे जवळजवळ सगळे गेम चालतात, त्याच डिस्कवर. त्याच्या कपाटात अशा सतरा डिस्क आहेत, त्यातल्या पाच माझ्या. बिनडिस्कचा घेतला की त्या सतराचे कोस्टर. फोनवर बराच वेळ शांतता होती.

‘मग स्विच टू बघू का?’ असंही विचारून झालं त्याचं. निन्टेन्डोचा स्विच २ ५ जून २०२५ ला जगभर आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले. हातात धरून खेळता येतो, पडदा ७.९ इंचाचा, बॅटरी गेमप्रमाणे दोन ते साडेसहा तास. लाइट गेली तरी चालू, आईची मालिका चालू असली तरी चालू. खान्देशातल्या घरासाठी यापेक्षा सोयीचं यंत्र नाही! पण तो जगभर आला तेव्हा निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृत विक्रीच करत नव्हती, आणि बाहेरून मागवलेल्या मालाला वॉरंटी कुणाची? गंमत बघा, पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आला होता. आपल्या पोरांनी बनवलेला गेम, आणि तो ज्या यंत्रावर आधी आला ते आपल्याकडच्या दुकानात सरळ मार्गाने मिळत नव्हतं. स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये तर गेमच नसतो, नुसती किल्ली असते, बाकी सगळं डाउनलोड. निदान ती किल्ली दुसऱ्याला देता येते, हे त्यातल्या त्यात बरं.

एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त म्हणून सुचवणारे भेटतील. त्यालाही डिस्क नाही. पुढे.

एक सांगायचं राहिलं. डिस्क कुरिअरने पाठवता येते. साठ-सत्तर रुपयांचं काम. आम्ही कधीच पाठवलेली नाही. त्याचं लग्न झालंय, माझी ऑफिसची वेळ वाढलीय, आणि ‘गेम द्यायचाय’ हे एकच कारण असं आहे, की त्यावर दोन्ही घरांत कुणी ‘आत्ताच कशाला’ म्हणत नाही. फोनवर आमचं बोलणं तीन मिनिटांत संपतं. पारोळ्याच्या स्टँडवर मधेच भेटलो, तर दोन चहा आणि तास जातो.

दोस्ताने अजून काही ठरवलेलं नाही. शनिवारी जळगावला येऊन माझा स्लिम स्वतःच्या हाताने बघणार आहे, मग बोलू म्हणाला. येताना माझा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ परत आणतो म्हणालाय. हे तो पाच महिन्यांपासून म्हणून राहिला.