इंजिनाविना आभाळात

वडखळच्या तापलेल्या भातखाचरांवर उन्हाळ्यात घार पंख न हलवता गिरक्या घेत वर चढते, ती जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या जोरावर. ग्लायडरही असाच तरंगतो, आणि तोच आमच्या या अंकाचा विषय आहे. उडणं श्रीमंतांचं, ही समजूत बरीचशी इंधनाच्या खर्चातून आली. इथे इंजिनच नाही: जमिनीवरचं विंच लांब दोर गुंडाळत ग्लायडरला खेचतं, अर्ध्याएक मिनिटात तो शेकडो फूट वर जातो आणि दोर सुटतो. पुण्यात हडपसरच्या सरकारी केंद्राने हे वर्षानुवर्षं शिकवलं. धोका? आहेच, म्हणून आधी दोन आसनी ग्लायडर, मागे प्रशिक्षक आणि त्याच्याही हाती नियंत्रणाची तशीच दांडी. आमच्या मते कोकणातल्या तरुणांची मोठी अडचण हे शिकायला घाटापलीकडे माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांची आहे. ती कशी सुटेल, जरूर लिहून कळवा.