वाटेबाहेरचा प्रतिस्पर्धी

शाळेत काही विषय आवश्यक असतात आणि काही ऐच्छिक. आवश्यक विषयाकडे दुर्लक्ष केले तर परीक्षेत अनुत्तीर्ण व्हावे लागते. ऐच्छिक विषय घेतला नाही म्हणून कोणी रागावत नाही. म्हणूनच विद्यार्थ्याची खरी ओढ ऐच्छिक विषयात दिसून येते. हीच गोष्ट एका चिनी खेळाने मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिली आहे.

‘गेम सायन्स’ ह्या चिनी कंपनीने तयार केलेला ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ हा व्हिडिओ गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. थोड्याच दिवसांत त्याच्या १ कोटी प्रती खपल्या. सोळाव्या शतकात छापल्या गेलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ ह्या चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुकाँग ह्याच्या कथेवर तो आधारलेला आहे. खेळात वुकाँगचे सहा अवशेष निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात आणि एक तरुण वानर ते शोधीत निघतो. वाटेत त्याला बलाढ्य शत्रूंशी लढावे लागते. अशा शत्रूला खेळाच्या भाषेत ‘बॉस’ म्हणतात. काही बॉस जिंकल्यावाचून पुढे जाताच येत नाही. काही मात्र ऐच्छिक असतात. ह्या ऐच्छिक बॉसांचा मुकुटमणी म्हणजे तीन डोळ्यांचा देव एर्लांग.

एर्लांग आणि वुकाँग ह्यांचे वैर जुने आहे. कादंबरीत वुकाँग स्वर्गात धुमाकूळ घालतो, तेव्हा त्याला पकडण्यासाठी एर्लांग येतो. वुकाँग चिमणी झाला, तर एर्लांग ससाणा होतो. वुकाँग पाण्यातील साप झाला, तर एर्लांग करकोचा होतो. अखेरीस वुकाँग देवळाचे रूप घेतो. पण शेपटी कोठे लपवावी हे न सुचल्याने तिचा ध्वजस्तंभ करून तो देवळाच्या मागे उभा करतो. ध्वजस्तंभ देवळाच्या मागे कधी असतो काय? एर्लांग त्याला तत्काळ ओळखतो. तरीही ह्या युद्धाचा निकाल त्या दोघांच्या बळावर लागत नाही. स्वर्गातून लाओझी एक कडे फेकून मारतो, वुकाँग अडखळतो, एर्लांगचा कुत्रा त्याच्या पायाचा चावा घेतो आणि तो पकडला जातो. दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

ही अपुरी राहिलेली लढाई खेळाच्या रचनाकारांनी मुख्य वाटेवर ठेवलेली नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या भागांतील गुप्त स्थळे शोधावी लागतात. पहिल्याच भागात तीन ठिकाणच्या तीन घंटा वाजविल्यावाचून तेथील गुप्त मंदिर सापडत नाही. असे सर्व साध्य झाले, म्हणजे एका भित्तिचित्रातून मेई पर्वताची वाट उघडते. तेथे एर्लांग उभा असतो.

काहींच्या मते ही रचना अन्यायाची आहे. ज्याने खेळ विकत घेतला, त्याला सर्व काही सरळ मिळावयास नको काय? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्याला वेळ थोडा आहे, त्याने मुख्य वाटेने जावे. त्यात कमीपणा नाही, आणि शाळेचा अभ्यास बाजूला सारून घंटा शोधीत बसणे हे तर शहाणपणाचे नव्हेच. परंतु एर्लांगला मुख्य वाटेवर आणून बसविले असते, तर तो आणखी एक अडथळा ठरला असता. त्याला टाळता येते, म्हणूनच त्याच्याकडे जाण्याला मोल आहे. वाट दुसऱ्याला विचारता येते. लढाई मात्र आपली आपल्यालाच करावी लागते.

खेळाच्या शेवटी हे मोल उघड होते. वुकाँगच्या सहा अवशेषांपैकी सहावा, म्हणजे मन, एर्लांगपाशी असतो. त्याच्याकडे न जाता जो शेवट गाठतो, त्याच्या नायकाच्या मस्तकावर सोन्याचे कडे चढते. हे साधे आभूषण नव्हे. मंत्र म्हणताच ते आवळते आणि धारण करणाऱ्याला दुसऱ्याच्या आज्ञेत राहावे लागते. ज्याने एर्लांगला जिंकले असेल, त्याचा नायक मात्र त्या कड्यावाचून डोळे उघडतो. नेमून दिले तेवढेच करणारा अखेर आज्ञेचा बंदा राहतो आणि कोणी न सांगता अवघड काम पत्करणारा मोकळा होतो, हा ह्या रचनेचा अर्थ आहे. आणि तो यथार्थ आहे.

ह्या सर्व कथेच्या मुळाशी एक खरा मनुष्य आहे. सातव्या शतकातील चिनी भिक्षू ह्युएन त्संग बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आला आणि पुलकेशी राजाच्या काळी महाराष्ट्रही पाहून गेला. कादंबरीत त्याला सम्राट पाठवितो. प्रत्यक्षात त्या काळी देशाबाहेर जाण्यास मनाई होती आणि तो परवानगीवाचून निघाला होता. परतताना त्याने ६५७ ग्रंथ नेले. त्याला कोणी पाठविले नव्हते. तो मठात राहिला असता, तर कोणी त्याला दोषही दिला नसता.