शेजारी नव्हे, रिकामे बसलेले!

मेंदूतल्या पेशी मेल्या की शेजारच्या पेशी जादा काम करून वेळ मारून नेतात, असे मागील अंकातले पत्रलेखक ठामपणे सांगतात. जर्मनीत माइन्झला उंदरांवर झालेला प्रयोग वेगळेच दाखवतो. श्रवणकेंद्रातल्या, आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या ३०-४० पेशी वेचून मारल्या. ध्वनींचा नकाशा कोलमडला. काही दिवसांत सावरलाही. सावरला तो मुख्यतः आधी त्या आवाजांना दादच न देणाऱ्या पेशींमुळे! मात्र इतरांना लगाम घालणाऱ्या पेशी मारल्या, तेव्हा तो बराच काळ डळमळत राहिला. म्हणजे किती गेल्या याइतकेच कोणत्या गेल्या, हेही विचारायला हवे. आणि अशा प्रयोगावरून पत्रलेखक म्हणतात, ‘स्मृतिभ्रंशाची चिंता नको’? उंदराच्या ३०-४० पेशींवरून एवढी उडी मला तरी झेपत नाही.

– एक वाचक, सांगली