विश्लेषण : कम्प्युटर फॉरमॅट केला, तरी अकाउंट हॅक का होतं?

घरच्या कम्प्युटरमध्ये स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्राम शिरल्याचं कळलं की बहुतेक घरांत एकच उपाय सुचतो : ‘फॉरमॅट मारून टाक!’ कम्प्युटर दुकानात जातो आणि दुसऱ्या दिवशी नव्यासारखा होऊन परत येतो. तरीही काही दिवसांनी इन्स्टाग्राम अकाउंटवरून मित्रांना क्रिप्टोच्या लिंक जाऊ लागतात. असं का होतं? कम्प्युटर साफ करण्याचा योग्य क्रम कोणता?

हा विषय चर्चेत का?

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, अमेरिकेचा न्याय विभाग आणि युरोपोल यांनी ‘लुम्मा’ नावाच्या माहितीचोर प्रोग्रामवर कारवाई केली. त्याआधीच्या दोनच महिन्यांत, १६ मार्च ते १६ मेदरम्यान, जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कम्प्युटर लुम्माने बाधित झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. त्याच्याशी जोडलेली सुमारे २,३०० डोमेन बंद पाडण्यात आली. पण काही आठवड्यांतच लुम्मा पुन्हा सक्रिय झाल्याचं सुरक्षा कंपन्यांना दिसलं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली. मुदतवाढीसाठी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. नोंदणी न केलेल्या कम्प्युटरना तेवढंही संरक्षण नाही.

स्पायवेअर घरात शिरतं कसं?

फुकटातलं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर आणि गेमचे चीट कोड हे जुने मार्ग. अलीकडचा मार्ग जास्त फसवा आहे. एखाद्या वेबसाइटवर ‘मी रोबोट नाही’ अशी खूण करायला सांगतात. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, कंट्रोल-व्ही करा आणि एंटर मारा, अशी सूचना येते. तेवढ्यात वेबसाइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेली कमांड चालते आणि चोर आत येतो. खरी पडताळणी कधीही असं करायला लावत नाही.

डिलीट केलं तरी ते परत का येतं?

चिवट स्पायवेअर एकाच फाइलमध्ये राहत नाही. कम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत ते स्वतःला घालतं. टास्क शेड्यूलरमध्ये ठरावीक वेळेचं काम लावून ठेवतं. दिसणारी फाइल उडवली, की हे लपलेलं काम ती पुन्हा डाउनलोड करतं. ब्राउझरमधलं घातक एक्स्टेन्शन तर अकाउंट सिंक होताच नव्या कम्प्युटरवरही येऊ शकतं.

म्हणून विंडोज चालू असताना केलेलं स्कॅन अनेकदा अपुरं पडतं. विंडोजमध्येच ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ ही मोफत सोय आहे. त्यात कम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते. त्यामुळे स्पायवेअरला लपायला किंवा स्कॅन अडवायला फारशी संधी मिळत नाही.

मग साफ केल्यावरही धोका कसा उरतो?

एकदा लॉग-इन केलं की वेबसाइट ब्राउझरला एक ओळखपत्र देते. त्याला सेशन कुकी म्हणतात. त्यामुळेच दरवेळी पासवर्ड टाकावा लागत नाही. चोराने हीच कुकी कॉपी केली, तर बऱ्याचदा त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या प्रसिद्ध यूट्यूब चॅनेलबाबत हेच घडलं. जाहिरातीचा प्रस्ताव वाटणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, सेशनची माहिती चोरीला गेली आणि चॅनेलवर क्रिप्टोचे बनावट लाइव्ह व्हिडिओ सुरू झाले. तंत्रज्ञान शिकवणाऱ्यांचं हे झालं!

शिवाय असे अनेक प्रोग्राम काही मिनिटांत माहिती उचलतात आणि स्वतःला पुसून टाकतात. त्यामुळे ‘स्कॅनमध्ये काही सापडलं नाही’ याचा अर्थ काही चोरीला गेलं नाही, असा होत नाही.

योग्य क्रम कोणता?

१. कम्प्युटरचं वायफाय बंद करावं, नेटची वायर काढावी.

२. मोबाइलसारख्या दुसऱ्या, सुरक्षित डिव्हाइसवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकी बरेच पासवर्ड ईमेलवरून रीसेट करता येतात. त्यानंतर बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड बदलावेत.

३. प्रत्येक अकाउंटमध्ये ‘सर्व डिव्हाइसवरून लॉग-आउट’ करावं. व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादीही रिकामी करावी. हीच पायरी सर्वाधिक राहून जाते.

४. मग ऑफलाइन स्कॅन करावं आणि ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढावीत.

५. तरीही शंका असेल, तर फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाकावं. जुने इन्स्टॉलर आणि क्रॅक बॅकअपमध्ये घेऊ नयेत. नाहीतर पेनड्राइव्हमधून तोच पाहुणा परत येतो.

साफसफाईचं साधन केंद्र सरकारकडूनही मोफत मिळतं. ‘सर्ट-इन’ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या वेबसाइटवर ते उपलब्ध आहे. मात्र ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन करून स्क्रीनचा ताबा मागणारा कोणीही असला, तरी तो भामटाच समजावा.

पैसे गेले असतील तर?

अशा वेळी फॉरमॅटची घाई नुकसान करते, कारण त्यात पुरावेही पुसले जातात. आधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेला तातडीने कळवावं. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. संशयास्पद मेसेज, लिंक आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि कम्प्युटर दुकानात त्यानंतरच द्यावा.