पाठीमागचे इंजिन

कुळ्याहून ब्रागांझा घाट चढणाऱ्या गाडीला पुढच्या इंजिनांखेरीज मागूनही इंजिने लावावी लागतात, हे कॅसलरॉककडच्या आमच्या वाचकांना सांगावयास नको. दर ३७ फुटांस एक फूट असा तो चढ. गाडी कॅसलरॉकला पोहोचली की मागची इंजिने सोडविली जातात. डब्यातल्या उतारूला त्यांचा पत्ताही नसतो. क्रीडाक्षेत्रात प्रशिक्षकाचे असेच आहे. त्याचा गौरव करावयाचा तर कोणत्या मापाने, एवढाच प्रश्न आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहो.

उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक संघांची ‘नॅशनल हॉकी लीग’ ही स्पर्धा चालते. तीमधील वर्षाच्या सर्वोत्तम प्रशिक्षकास १९७४ पासून जॅक अ‍ॅडम्स यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. सामन्यांचे समालोचक मते देतात. अंतिम स्पर्धेत तिघांची नावे जाहीर होतात आणि त्यांतून एक निवडला जातो. मौज अशी, की ही मते अजिंक्यपदाचे निर्णायक सामने सुरू होण्यापूर्वीच नोंदविलेली असतात. स्कॉटी बोमन यांनी प्रशिक्षक या नात्याने स्टॅन्ली चषक नऊ वेळा जिंकला. हे पारितोषिक मात्र त्यांना दोनदाच, १९७७ व १९९६ साली, लाभले. दुबळा समजला गेलेला संघ अकस्मात वर आला की मतदारांचे डोळे दिपतात. बलाढ्य संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राखणे हे कौशल्य तितकेसे नजरेत भरत नाही.

आपल्याकडील द्रोणाचार्य पुरस्काराचे माप निराळे आहे. येथे शिष्याचे पदक हाच गुरूचा पुरावा. १९८५ साली हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण १९८९ मध्ये सचिन तेंडुलकर कसोटीत उतरला आणि १९९० चा द्रोणाचार्य आचरेकरांना मिळाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले आणि त्याच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे त्या वर्षीच्या मानकरी ठरल्या. मुंबईत मुलांना हॉकी शिकविण्यात हयात घालविलेल्या मर्झबान पटेलांना मात्र २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हा मिळाला तो जीवनगौरव.

हे सारे योग्यच झाले. परंतु ज्याचा शिष्य पदकापर्यंत पोहोचण्याआधीच वाट संपते, त्या गुरूचे काय? उदाहरण दूरचे नाही. आपल्या उत्तर कन्नडातील सिद्दी मुलामुलींसाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ मध्ये खास योजना आखली. रानावनात वाढलेली, घरात कोकणी-मराठीच्या वळणाची बोली बोलणारी ही मुले प्रशिक्षकांच्या हाताखाली आली आणि थोड्याच वर्षांत त्यांतून कमला सिद्दीसारख्या राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्या खेळाडू निघाल्या. १९९३ मध्ये योजना बंद पडली. मुलांचे पाय तेच होते, जंगलेही तीच होती. मागून रेटणारे इंजिन तेवढे सुटले, तेही घाट अर्धा चढायचा असताना. पुढे कित्येकांनी धावणे सोडून मोलमजुरी धरली. त्या प्रशिक्षकांनी घेतलेले कष्ट कोणत्याही पुरस्काराच्या गुणपत्रिकेत बसत नाहीत.

सरकारी नियम बदलणे आमच्या हाती नाही. आपापल्या गावचा सत्कार मात्र आपल्या हाती आहे. जोयडा, दांडेली, लोंढा, खानापूर या पट्ट्यात शाळेच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून मुलांना धावायला, कबड्डी खेळायला शिकविणारे शिक्षक आजही आहेत. आमच्या मंडळांच्या वार्षिक समारंभात विजेत्या मुलाला चषक देताना, त्याला पहिला धडा कोणी दिला, एवढे विचारावे. आणि त्या गृहस्थास अथवा बाईंना व्यासपीठावर बोलावून शाल व श्रीफळ द्यावे. मुलगा हरला असेल, त्या वर्षीही द्यावे.